वाचकांचे प्रश्न : रोल धुताना

प्रश्न : घरी किट वापरून रंगीत निगेटिव्ह धुतो. सावल्या हिरवट, तर उजळ भाग गुलाबी येतात. स्कॅनमध्ये एक सुधारलं की दुसरं बिघडतं. लॅबमध्ये असं का होत नाही?

उत्तर : रसायनं जवळपास तीच असतात, फरक शिस्तीचा. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या पद्धतीत डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद लागतो आणि तापमानात चालणारी चूक जेमतेम ०.१५ अंशाची. फिल्मवर रंगांचे थर एकावर एक असतात. लाल प्रकाश टिपणारा सगळ्यात खाली, त्यामुळे डेव्हलपर तिथे शेवटी पोचतो. तापमान किंवा वेळ चुकली की प्रत्येक थर आपापल्या चालीने मागेपुढे होतो. तुमची तक्रार नेमकी हीच आहे, आणि ती एका फिल्टरने निघत नाही.

लॅबमध्ये रोल लटकवून टाकीत सोडतात किंवा रोलरवरून पुढे नेतात. फिल्म जाईल तसा ताजा रिप्लेनिशर, म्हणजे खर्ची पडलेल्या रसायनाची भरपाई करणारं द्रावण, मोजून भरतात. शिवाय आधीच एक्सपोज केलेली चाचणीची पट्टी (कंट्रोल स्ट्रिप) धुऊन डेन्सिटोमीटरवर, म्हणजे फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. आकडे सरकले की गिऱ्हाइकाचा रोल आत जात नाही. काम कमी असलेल्या लॅबचा डेव्हलपर मात्र पडून पडून हवेने खराब होतो, म्हणून रोल द्यायचा तर वर्दळीच्या लॅबला.

घरी बहुतेकांचं चुकतं ते थंड टाकीपाशी. बाटलीतला डेव्हलपर ३८ अंशांवर असला तरी गार टाकीत ओतताच उतरतो. टाकी रोलसकट कोमट पाण्यात ठेवा, आत त्याच तापमानाचं पाणी मिनिटभर फिरवून ओतून द्या, मगच डेव्हलपर घाला. रिकामी करायला लागणारे दहा-एक सेकंद सव्वातीन मिनिटांतच धरा. अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा दाबून काढा आणि किती रोल झाले ते बाटलीवर लिहीत जा.

प्रश्न : निगेटिव्ह गडद आणि दाणेदार, रंग मात्र फिके. रोल गेला का?

उत्तर : बहुधा नाही. ब्लीच हे फिल्मवरची चांदी निघण्याजोगी करणारं रसायन; ते कमी पडलं की चांदी फिल्ममध्येच राहते आणि रंगांवर काळपट थर बसतो. ताज्या ब्लीचमधून, मग ती चांदी विरघळवणाऱ्या फिक्सरमधून पुन्हा काढा; उजेडातही चालतं. ब्लीचला हवा हवी असते, म्हणून लॅबच्या टाकीत हवा सोडतात. डेव्हलपरचं नेमकं उलट.

प्रश्न : कृष्णधवल रोलवर दुधी डाग राहतात.

उत्तर : फिक्सर थकलाय किंवा वेळ कमी दिलात. न धुतलेल्या फिल्मचा तुकडा फिक्सरमध्ये टाका, स्वच्छ पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की ओतायची वेळ आली. पण मोरीत नाही, त्यात चांदी विरघळलेली असते.