बारा नावांची यादी आधी पूर्ण कर

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा इतिहास लिहिण्याचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार समाधान वाटले. तुझ्या आराखड्यात मात्र आधी विजेतेपदे आणि शेवटी परिशिष्टात खेळाडूंची नावे असा क्रम आहे. तो तू उलटा करावास, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. चषक कपाटात सापडतात आणि त्यांवर वर्षही कोरलेले असते. त्या वर्षीच्या संघातल्या बारा जणी, विशेषतः राखीव म्हणून बाकावर बसलेल्या, कोण होत्या हे शोधायला कष्ट पडतात, आणि त्या काळची माणसे आहेत तोवरच ते काम होण्यासारखे आहे.

अमेरिकेत स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये हा खेळ मुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुलींमध्ये पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. इतक्या लहानशा गुणसंख्येचा सामना आज सांगता येतो, कारण तेव्हा कोणीतरी तो लिहून ठेवला होता.

कालखंड ठरवताना जपून राहा. आपले विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी 'मराठवाडा विद्यापीठ' या नावाने स्थापन झाले; त्यापूर्वी मराठवाड्यातली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला संलग्न होती, तेव्हा १९५० मध्ये सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयातली एखादी जुनी खेळाडू भेटली, तर तिचा माग हैदराबादपर्यंत काढावा लागेल. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले आणि नांदेड, लातूर, परभणीकडची महाविद्यालये तिकडे गेली. त्याआधी तिथल्या मुली आपल्याच संघाच्या निवड चाचणीला येत असत. त्यांना आज 'दुसऱ्या विद्यापीठाच्या' म्हणून वगळलेस, तर छत्तीस वर्षांचा इतिहास अर्धवट राहील. प्रत्येक वर्षी विद्यापीठाचे जे नाव होते तेच त्या वर्षाच्या नोंदीत लिही.

खरी अडचण नावांची आहे. जुन्या संघाचे छायाचित्र पाहा: मधोमध खुर्चीवर क्रीडा संचालक, पुढे जमिनीवर ठेवलेली ढाल, आणि खाली पुठ्ठ्यावर 'उभ्या, डावीकडून' असे लिहून प्रत्येकीच्या नावामागे 'कु.', दोन आद्याक्षरे आणि माहेरचे आडनाव. त्यातली आज कोणी बीडला शिक्षिका आहे, कोणी पुण्यात नातवंडे सांभाळते, आणि सासरच्या नावाने वावरणाऱ्या त्या बाईंना शेजारपाजारचे कोणीही खेळाडू म्हणून ओळखत नाही. मुलांच्या संघाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही भिंत ओलांडावी लागत नाही. म्हणून वहीत प्रत्येकीसाठी माहेरचे पूर्ण नाव, आताचे नाव, महाविद्यालय आणि गाव असे चार रकाने आख. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, वडिलांचे नाव आणि गाव मिळते. त्या गावात भाऊ-भावजय असतात, आणि तिथून सासरचा पत्ता लागतो. नाव छापण्यापूर्वी प्रत्येकीची संमती घे. कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईलाही आपले नाव कसे छापले जावे याविषयी स्वतःचे मत असते.

गुणपत्रके मिळाली तर ती जिवापाड जप. तारीख फाटून गेली असली तरी कागद बोलतो. खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल काढून तीन गुण दिलेले असतील, तर ते पत्रक १९८४ च्या आधीचे नाही, कारण तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत तेव्हा आली. दहा मिनिटांचे चार क्वार्टर २००० मध्ये आले. त्यापूर्वी वीस मिनिटांचे दोन डाव असत. अशा खुणांवरून नेमके वर्ष ठरवू नकोस, फक्त आधीचे की नंतरचे एवढेच ठरव. वर्तमानपत्रांत 'दैनिक मराठवाडा'चे जुने अंक आधी चाळ.

मुलाखतीत 'जिंकल्यावर कसे वाटले' हे विचारू नकोस. त्याचे उत्तर सगळ्याजणी सारखेच देतात. बूट कोणी घेऊन दिले, अर्ध्या चड्डीत खेळायला घरून परवानगी कोणी काढली, मुलींसोबत कोणत्या मॅडम गेल्या, असे विचार. रेल्वेमार्ग रुंद होण्यापूर्वी पुण्या-मुंबईकडे जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे, तेव्हा पश्चिम विभागीय स्पर्धेला निघालेल्या मुलींनी मनमाडच्या फलाटावर रात्र कशी काढली, हेही विचार. संघ कसा घडला हे या उत्तरांतूनच कळेल.

१९९४ च्या आधीच्या दहा वर्षांपासून सुरुवात कर. त्या काळच्या बहुतेक जणी अजून भेटू शकतील. यादीचा पहिला खर्डा झाला की मला पाठव. मला आठवतील त्यांची सासरची नावे मी समासात लिहून परत करीन.

कळावे, लोभ असावा.