'मुनिसिपिओ'ला नगरपालिका म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ब्राझीलमधल्या एका छोट्या 'मुनिसिपिओ'ची भौगोलिक माहिती मराठीत लिहायची आहे, तर 'नगरपालिका' हा शब्द चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. नगरपालिका म्हणजे गावाचा कारभार पाहणारी संस्था. मुनिसिपिओ हा प्रदेश आहे. मुख्य गाव, वाड्यावस्त्या, शेते, कुरणे, डोंगर, सगळे त्यात येते. मिनास जेराइस राज्यातले सेरा दा सौदादे घ्या. २०२२च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ८३३ भरली, देशात सर्वांत कमी. क्षेत्रफळ मात्र सुमारे ३३५ चौ. किमी. हे 'नगरपालिकेचे क्षेत्रफळ' म्हणून छापले, तर वाचकाला आकडाच चुकला असे वाटेल. घनता चौरस किलोमीटरला जेमतेम अडीच माणसे येते, ती ही मोकळी जमीन धरूनच.

मग 'तालुका'? कल्पना बरीच जवळची, पण तहसीलदार सरकार नेमते, मुनिसिपिओचा प्रमुख लोक दर ४ वर्षांनी निवडतात. १९८८च्या संविधानाने तर मुनिसिपिओला राज्यांच्या जोडीने संघराज्याचा घटक मानले आहे. शिवाय पारा राज्यातल्या आल्तामिराचे क्षेत्रफळ दीड लाख चौ. किमीहून जास्त, म्हणजे निम्म्या महाराष्ट्रापेक्षा मोठे! त्याला तालुका कसे म्हणणार?

म्हणून मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'निवडून दिलेले स्वतःचे शासन असलेला, तालुक्यासारखा प्रदेश' एवढा खुलासा जोडावा. 'नगरपालिका' तिथल्या कार्यालयापुरती राखून ठेवावी.

सर्वांत जास्त घोळ 'दिस्त्रितो'चा होतो. त्याला सर्रास जिल्हा म्हटले जाते, पण ब्राझीलमध्ये तो मुनिसिपिओच्या पोटातला भाग आहे. पेरूतही तो प्रांताच्या खालचा, सर्वांत लहान घटक. 'सिदादे'चे 'शहर' करतानाही जपावे: ब्राझीलच्या १९३८च्या कायद्याने मुनिसिपिओचे मुख्य ठिकाण, मग ते कितीही लहान असो, सिदादे ठरते. तिथे 'मुख्य गाव' लिहावे. समुद्रसपाटीपासूनची उंची बहुधा या मुख्य गावाची दिलेली असते, लोकसंख्या आणि चतुःसीमा पूर्ण मुनिसिपिओच्या; एकाच वाक्यात दोन्ही देताना कोणता आकडा कशाचा ते लिहावे.

चिलीबद्दल लिहिताना प्रदेशाला 'कोमुना' आणि त्याच्या कारभारी संस्थेला 'मुनिसिपालिदाद' असे दोन वेगळे शब्द आयतेच मिळतात. तिथे दुसऱ्याला नगरपालिका खुशाल म्हणावे.