समुद्राचं नुकसान न करता खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवता येतं का?

ठेवता येतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एका अनुभवी माणसाने तुम्हाला 'टाकीत जन्मलेले मासे फिके आणि नाजूक निघतात, समुद्रातलेच घ्या, एवढ्या मोठ्या समुद्राला काय फरक पडतो' असं सांगितलं. ते वाचून राहवलं नाही. आमच्या हौशी मंडळींत एक काका आहेत, त्यांच्या तोंडून हेच मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. माणूस जाणकार, पाण्याचे आकडे तोंडपाठ, टाकी बघत बसावी अशी. या एका मुद्द्यावर मात्र ते साफ चुकतात आणि नवशिक्यांनाही चुकीचं शिकवतात.

बांगाई कार्डिनलचंच बघा. रुपेरी अंगावर काळे पट्टे, काळ्या परांवर पांढरे ठिपके, तळहातावर मावेल एवढा मासा. मूळचा तो फक्त इंडोनेशियात, सुलावेसीच्या पूर्वेकडच्या बांगाई बेटांच्या आसपास राहतो. १९३३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, मग कित्येक दशकं कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही. नव्वदच्या दशकात तो पुन्हा नजरेत आला आणि बघता बघता वर्षाला लाखोंनी पकडला जाऊ लागला. २००७ साली आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्याला संकटग्रस्त ठरवलं.

आता 'एवढा मोठा समुद्र' इथे का कामाला येत नाही, ते सांगते. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं अगदी सूक्ष्म असताना प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, त्यामुळे एका खडकावरचे मासे कमी झाले तर दुसरीकडून भरती होण्याची आशा असते. बांगाईत तसं नाही. नर अंडी तोंडात धरतो, फुटलेली पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळतो. ती बाहेर पडतात तेव्हा तयार छोटे मासेच असतात आणि तिथल्या तिथेच, अर्चिन नावाच्या लांब काट्यांच्या गोल समुद्री जिवाच्या आडोशाला वाढतात. म्हणजे एका खडकावरचे मासे उपसले की शेजारच्या बेटावरून तिथे कुणी येत नाही. बाकीचा समुद्र कितीही मोठा असो, त्या खडकाला त्याचा उपयोग शून्य.

आणि गंमत म्हणजे हाच मासा घरी वाढवायला सगळ्यात सोपा. माझ्याकडे त्यांची जोडी आहे. अंडी घेतली की नराचा गळा फुगतो, जबडा पुढे आल्यासारखा दिसतो, आणि खाणं टाकलं की इतर मासे तुटून पडतात तेव्हा हा मागे कोपऱ्यात थांबून राहतो. सुमारे तीन आठवडे काही खात नाही. पिल्लं बाहेर आली की पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाची, पिल्लं खातात. पण इथेच खरी मेख आहे. नुसता आर्टेमिया दिला तर पिल्लं छान वाढताना दिसतात आणि एखाद्या सकाळी दिवा लावला की दचकून गोल फिरतात, आडवी पडतात, मरतात. कारण आर्टेमियात त्यांना लागणारी फॅटी ॲसिडं पुरेशी नसतात. म्हणून आर्टेमियाला आधी ती खाऊ घालायची आणि मगच तो पिल्लांना द्यायचा. लपायला मी काळ्या प्लास्टिकच्या काड्यांचा खोटा अर्चिन करून ठेवते. पिल्लं काड्यांमध्ये उभी राहतात, हात जवळ नेला की सगळी एकदम आत.

यातली काही मोठी करून मी काकांना दिली. त्यांनी त्याच सुमारास समुद्रातून पकडलेले बांगाई आणले होते, दुसऱ्या टाकीत. ते आल्यापासूनच मलूल, रंग काळवंडलेला, खाणं बंद, मागे पांढरा दोरा लोंबतोय. एकामागून एक गेले. पकडून आणलेल्या बांगाईंत इरिडोव्हायरस हा माशांना मारणारा विषाणू सापडल्याचं अभ्यासांत नोंदलं गेलंय, आणि ही लक्षणं तीच. माझी पिल्लं मात्र त्यांच्या टाकीत मोठी झाली, जोडी जमली, त्यांच्याही नराने अंडी धरली. ठिपके तेवढेच लख्ख, पट्टे तेवढेच काळे. काका अजून म्हणतात, 'नशीब.' नशीब नव्हे, काका. माझा मासा पकडला जाण्याच्या, पिशवीतून हजारो किलोमीटर येण्याच्या आणि गर्दीच्या टाक्यांमधून फिरण्याच्या हालांतून गेलाच नव्हता.

पकडण्याची पद्धतही बघायला हवी. फिलिपिन्समध्ये साठच्या दशकापासून सायनाइड हे विष वापरात आलं. ते पाण्यात विरघळवून बाटलीने खडकाच्या फटीत मारतात, गुंगलेला मासा हाताने उचलतात. त्या फटीभोवतीचं प्रवाळ मरतं. मासा टाकीत आल्यावर खातो-पितो, ठीक दिसतो, आणि काही आठवड्यांनी मरतो. मग आपण पाणी तपासत बसतो.

सगळेच मासे बांगाईसारखे सोपे नाहीत, हे कबूल. टँग या चपट्या माशांची पिल्लं इतकी बारीक असतात की पहिला घास म्हणून त्यांना कोपेपॉड या सूक्ष्म जिवांची पिल्लं द्यावी लागतात, म्हणून यलो टँग वाढवायला २०१५ आणि ब्लू टँग वाढवायला २०१६ साल उजाडलं. क्लाउनफिश, निऑन गोबी, समुद्री घोडे मात्र टाकीत जन्मलेले सहज मिळतात. क्लाउनफिश समुद्रातून उचलायला तर आज कुठलंच कारण उरलेलं नाही. प्रवाळ हवं असेल तर कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे फ्रॅग, म्हणजे तोडून लावायचे तुकडे, घ्या. खडकही समुद्रातून तोडलेला नको, कोरडा घ्या आणि त्यात जिवाणू रुजवा. वेळ लागतो, लागू द्या.

विजेचं विचारलंत. खर्च होतेच, ते टाळता येत नाही. टाकी लहान ठेवा, एलईडी वापरा. त्याहून जास्त मला सांगण्यासारखं नाही.

एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगायलाच हवी. समुद्रातला प्रत्येक मासा म्हणजे पाप नव्हे. जाळीने, मोजून मासे पकडणाऱ्या कोळ्याचं पोट त्याच खडकावर अवलंबून असतं, आणि खडक जिवंत ठेवण्यात त्याचाच सगळ्यात मोठा स्वार्थ असतो. सगळ्यांनी सगळंच घरी पिकवलं तर त्या माणसाने काय करायचं, हा काकांचा प्रश्न खोटा नाही. पण मग मासा कुठल्या खडकावरचा, कुणी, कशाने पकडला, हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे. मी इतक्या वेळा विचारलंय, बहुतेक वेळा उत्तर येतं 'इम्पोर्टेड आहे'. ते उत्तर आलं की मी मासा घेत नाही.

तुम्ही सुरुवात बांगाईपासूनच करा असं मी म्हणेन. नर-मादी दिसण्यावरून ओळखणं कठीण, म्हणून टाकीत जन्मलेल्या लहान पिल्लांचा गट घ्या आणि घेण्याआधी दुकानात तुमच्यासमोर त्यांना खायला घालायला लावा. मोठी होताना जोडी आपली आपण जमते. जमली की बाकीच्यांना लगेच वेगळं काढा, नाहीतर ती जोडी त्यांना जगू देत नाही.