मुलगा 18 वर्षांचा झाला, आता गाडीच्या विम्याचा हप्ता किती वाढेल?

प्रश्न असा आहे: मुलाला नुकतंच लायसन्स मिळालंय, घरची 1,200 सीसीची पेट्रोल गाडी तो बडोद्यात चालवणार. हप्ता वाढेल का, आणि पुढची गाडी त्याच्याच नावावर घ्यावी का?

केवळ तो चालवणार म्हणून सहसा वाढत नाही. अमेरिकेतले नातेवाईक जे आकडे सांगून घाबरवतात ते तिथलेच, कारण तिथे चालवणाऱ्याचं वय पाहून दर लावतात. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीनं वैध लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो.

हप्त्यातला थर्ड पार्टीचा भाग, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा, सरकार ठरवतं. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1,000 ते 1,500 सीसीला वर्षाला 3,416 रुपये, त्यावर जीएसटी. चालवणारा 18 चा असो की 58 चा. ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग; तो आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय, सीसी आणि झोन, म्हणजे शहराचा गट, यांवर बसतो. अहमदाबाद झोन ए मध्ये, बडोदा बी मध्ये, त्यामुळे इथे दर जरा कमी. एजंट आयडीव्ही खाली आणून हप्ता स्वस्त दाखवतात. कोटेशनची तुलना आयडीव्ही सारखी ठेवूनच करा.

नवशिक्यामुळे खर्च वाढतो तो एनसीबीच्या, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीवर मिळणाऱ्या सूटीच्या (नो क्लेम बोनस) वाटेनं. समजा ओडी 10,000 आहे आणि तुमचा एनसीबी 50 टक्के, म्हणजे तुम्ही 5,000 भरता. मांडवीच्या गर्दीत बंपर फुटला, बिल 6,000. प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा आणि वर सक्तीचे 1,000 वजा, म्हणजे हातात 2,000 च्या आसपास. त्या एका क्लेममुळे एनसीबी शून्यावर येतो आणि मग 20, 25, 35, 45 असा चढतो. ओडी तेवढाच धरला तर पाच वर्षांत 12,500 रुपये जास्त जातात. म्हणून पहिल्या वर्षीचे ओरखडे खिशातूनच भरा. ते जमणार नसेल तर झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) आणि एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही एनसीबी टिकवणारं) घ्या, पण झिरो डेपचे क्लेम अनेक पॉलिसींत वर्षाला दोनच असतात.

नावाबद्दल. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी तुमच्याच नावावर घेतलीत तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. मुलाच्या नावावर घेतलीत तर तो शून्यापासून सुरू करेल, तुमचा त्याला मिळत नाही. जुनी ठेवूनच दुसरी घेणार असाल तर एनसीबी जुनीवरच राहतो आणि नवीला कोणाच्याही नावावर शून्यच; मग नावाचा निर्णय विम्यावरून करू नका. एक गोष्ट मात्र सुटते: पॉलिसीतलं 15 लाखांचं मालक-चालक अपघात कवच फक्त मालकाला. गाडी तुमच्या नावावर असेल तर मुलासाठी वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा.

लर्निंग असताना शेजारी लायसन्सवाला बसलेला हवा आणि 'एल' पाटी हवी, नाहीतर क्लेमवर हरकत येते. धाकट्या भावंडाच्या हाती किल्ली तर देऊच नका. अल्पवयीनानं चालवली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी 12 महिने रद्द.

आणि इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यामुळे इंजिनाचं होणारं नुकसान भरणारं जादा कवच. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरभर शिरलं ते तुम्ही पाहिलंच असेल. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, गाडी बंद पडली की पोरं पहिल्यांदा सेल्फ मारतात. पाणी सिलेंडरमध्ये ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत. मुलाला सांगा: गाडी पाण्यात बंद पडली तर चावी काढायची, टो करायची, पुन्हा सुरू करायची नाही. इंजिन प्रोटेक्ट असूनही पाण्यात सेल्फ मारल्याचं दिसलं तर काही कंपन्या क्लेम अडवतात, तेव्हा घेण्याआधी ती अट वाचा.