जी-१ की जी-७? गोळीच्या बीसीचा आकडा कसा वाचायचा

प्रश्न : डेन्व्हरजवळच्या रेंजवर मी .३०८ रायफल वापरतो. गोळी सिएरा मॅचकिंग १७५ ग्रेन, नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला २६०० फूट. कंपनीच्या तक्त्यात बॅलिस्टिक कोएफिशंट (बीसी, म्हणजे हवेचा अडथळा गोळी किती चांगला कापते त्याचा आकडा) ०.५०५ दिलाय, दुर्बीण किती फिरवायची ते सांगणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये याच गोळीला जी-७ खाली ०.२४३. खरा कोणता? ॲपमध्ये ०.२४३ ठेवूनही १००० यार्डांवर गोळी वर का लागते?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या आहेत : ०.५०५ जी-१ चा, ०.२४३ जी-७ चा. प्रत्येक मोजपट्टी म्हणजे एक ठरलेली प्रमाण गोळी, तिच्याशी आपल्या गोळीची तुलना करायची. १७५ ग्रेन म्हणजे ०.०२५ पौंड. त्याला व्यासाच्या (०.३०८ इंच) वर्गाने भागलं की सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने वजन) येते ०.२६४. ती भागिले बीसी म्हणजे फॉर्म फॅक्टर. जी-७ ने तो १.०८ येतो, म्हणजे हवेचा अडथळा जी-७ च्या प्रमाण गोळीपेक्षा ८ टक्के जास्त. जी-१ ने येतो ०.५२. जी-१ ची प्रमाण गोळी बुटकी आणि सपाट बुडाची असते. जी-७ ची लांब, निमुळत्या बुडाची, तुमच्या गोळीच्या जवळची. त्यामुळे वेग बदलला तरी जी-७ चा आकडा फारसा हलत नाही. जी-१ चा हलतो, म्हणूनच सिएरा तीन आकडे देते : सेकंदाला २८०० फुटांच्या वर ०.५०५, १८०० ते २८०० मध्ये ०.४९६, त्याखाली ०.४८५. तुमचा वेगच २६०० आहे, तेव्हा ०.५०५ तुम्हाला कधीच लागू होत नाही! जी-७ च्या रकान्यात जी-१ चा आकडा तर चुकूनही भरू नका; ॲप दुर्बिणीचे क्लिक (नेम वर-खाली करणारे बटणाचे टप्पे) फारच कमी सांगेल आणि १००० यार्डांवर गोळी काही फूट खाली जाईल.

वर लागण्याचं कारण बहुधा हवेचा दाब. हवामानाच्या बातमीत येणारा ३० इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपासचा दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. डेन्व्हरच्या उंचीवर प्रत्यक्ष दाब साधारण २४.७ इंच. ३० भरलात की ॲप हवा पाचव्या हिश्शाने जास्त दाट धरतं आणि गरजेपेक्षा जास्त क्लिक सांगतं. हातातल्या दाबमापकाचा ‘स्टेशन प्रेशर’ (त्या जागेचा प्रत्यक्ष दाब) भरा आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा रकाना बंद ठेवा, नाहीतर उंची दोनदा मोजली जाईल.

त्यानंतरही फरक राहिला तर लगेच बीसीला हात लावू नका. आधी १०० यार्डांचा झीरो (त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागते ना) तपासा, मग दुर्बिणीचे क्लिक उंच कागदावर मोजून बघा, मग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेग घ्या. ५००-६०० यार्डांवर फरक दिसला तर वेग थोडा जुळवा. तिथे जुळतंय आणि ९००-१००० वरच बिनसतंय, तरच बीसी बदला. हा क्रम उलटा केला की एका अंतरावर जमतं, बाकी सगळीकडे चुकतं.

प्रश्न : कोल्हापुरात ५० मीटर .२२ च्या सरावासाठी बीसी बघून काडतुसं घ्यावीत का?

उत्तर : नको. अंतर ठरलेलं, साइट तिथेच झीरो केलेली. घसरणीचा प्रश्नच येत नाही. उरतो वारा. मॅचची (स्पर्धेची) काडतुसं मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी, सेकंदाला १०५०-१०८० फूट वेगाची असतात, कारण ध्वनीच्या वेगाजवळ अडथळा एकदम वाढतो. म्हणून जास्त वेगाचं काडतूस उलट वाऱ्यात जास्त सरकतं. तुमच्या नळीत काडतुसांचा कुठला लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) सर्वांत घट्ट ग्रुप देतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लावतो, ते बघून घ्या.