11 वर्षांच्या मुलीसाठी हसवणाऱ्या आणि मनाला भिडणाऱ्या रहस्यकादंबऱ्या सुचवाल का? मराठी-इंग्रजी दोन्ही चालतील. संक्षिप्त आवृत्ती घेतली तर चालेल का?

संक्षिप्त चालणार नाही. यादी नंतर देतो, आधी हे.

एरिख केस्टनरचं 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज' घ्या. मूळ जर्मन, 1929 चं. एमिलची आई विधवा. घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून घर चालवते. तिने दिलेले 140 मार्क घेऊन पोरगा एकटाच बर्लिनला आजीकडे निघतो. हरवायची इतकी धास्ती की गाडीत संडासात जाऊन पाकीट कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून टाकतो. पुढे डोळा लागतो आणि पैसे जातात. मग सरळ पोलिसांकडे का जात नाही? कारण गावातल्या पुतळ्याला लाल नाक आणि मिशा रंगवून आलाय, आपल्यालाच धरतील अशी भीती. शेवटी बँकेत नोटांवरची टाचणीची भोकंच चोराला पकडून देतात. (शेवट फोडला, पण तुमच्यापुरता. मुलीला सांगू नका.)

टाचणी लागली ती आईच्या कष्टांपायी, आणि पुरावाही तीच. पुतळ्याची खोडी नुसती हसवायला वाटते, पण ती काढली तर गोष्ट पहिल्याच पोलीस चौकीत संपते. संक्षेप करणारा नेमकी हीच 'पाल्हाळिक' पानं आधी उडवतो. उरतं काय, तर चोर पळाला, चोर सापडला. आणि मग हेच लोक म्हणणार, रहस्यकथा म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा चरित्रं द्या!

मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. 2017 चा सिनेमा मोठ्या झालेल्या फेणेचा, त्यावरून पुस्तकांचा अंदाज बांधू नका. सत्यजित रायांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांचे अशोक जैन यांनी केलेले अनुवाद आहेत. त्यात 'सोनार केल्ला'पासून सुरुवात करा, कारण जटायू तिथे पहिल्यांदा भेटतात. थरारक कादंबऱ्या लिहिणारे हे गृहस्थ बिनधास्त चुकीची माहिती ठोकतात आणि फेलूदा ती दुरुस्त करतो. त्यांच्याशिवायचा फेलूदा हुशार आहे, पण कोरडा.

इंग्रजीत शिवॉन डाउडचं 'द लंडन आय मिस्टरी'. सलीम 11.32 ला 'लंडन आय' या प्रचंड चक्राच्या पाळण्यात चढतो, 12.02 ला पाळणा खाली येतो, सलीम नाही. शोध घेणारा टेड म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः घेतो. हसू तिथूनच येतं आणि जीवही तिथेच तुटतो. एलेन रास्किनच्या 'द वेस्टिंग गेम'मध्ये एका श्रीमंताच्या मृत्युपत्राचे 16 वारस जोड्यांनी कोडं सोडवतात, नावांचा गोंधळ होतो आणि मुलं मध्येच सोडतात. पुस्तकात एक कागद ठेवा, जोड्या पडल्या की नावं आणि प्रत्येक जोडीला सुगावा म्हणून मिळालेले शब्द त्यावर उतरवायला सांगा.

वाचून झाल्यावर 'काय बोध घेतलास?' हा प्रश्न कृपा करून नको. 'तुला कधी संशय आला?' विचारा, म्हणजे ती पुस्तक उघडून पान दाखवेल.

खून अजिबात नको असेल, तर फेलूदाचं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः चाळा. काहींमध्ये खून आहेत. इंग्रजी अजून अडखळत असेल तर 'वेस्टिंग गेम' वर्षभर थांबवा. एमिल मात्र आत्ताच द्या, पूर्ण.