दीनार अरबी नाही हो!

प्रश्न असा आला आहे: रोमन सम्राटांच्या चांदीच्या नाण्याला मराठीत 'दीनार' म्हणावे, की तो शब्द अरबी असल्यामुळे 'देनारियस'च बरा?

पुन्हा तेच अरबी! भाचा कुवेतला नोकरीला लागला की मामाचा दीनार अरबी होतो. सांचीच्या इ. स. ४१२-१३ च्या गुप्तकालीन लेखात पंचवीस दीनारांचे दान नोंदलेले आहे. अरबांनी स्वतःचा दीनार पाडला तो ७व्या शतकाच्या अखेरीस. मूळ शब्द लॅटिन, आपल्याकडे आला ग्रीकांच्या तोंडून. अर्थ 'दहाचा', म्हणजे 'आस' नावाच्या दहा रोमन नाण्यांच्या मोलाचा. पुढे भाव सोळा आसांवर गेला तरी नाव दहाचेच राहिले. अगदी सोळा आण्यांचा रुपया! (योगायोग आहे, सिद्धांत काढू नका.) तेव्हा खुशाल दीनार लिहा, फक्त आपल्याकडचा दीनार सोन्याचा, म्हणून 'चांदीचा' हे आधी लावा.

खरी गंमत 'नाणे' या शब्दात आहे, पण आधी रोमला चला. रोमची टांकसाळ जूनो मोनेता या देवीच्या देवळापाशी होती. तिच्या नावावरून 'मोनेता' म्हणजे टांकसाळ आणि नाणेही. इंग्रजी 'मनी' त्यातलाच. इ. स. पू. ४६ च्या एका दीनारावर एकीकडे या मोनेताचे मस्तक आणि दुसरीकडे ऐरण, सांडशी, हातोडा! दोनच वर्षांत रोमच्या नाण्यावर हयात सीझरचे डोके आले आणि पुढे सम्राटांनी ती जागा सोडली नाही. कुषाण राजा कुजुल कडफिससने तर ऑगस्टसच्या धर्तीचे डोके आपल्या तांब्याच्या नाण्यांवर उचलले.

त्याच घराण्यातल्या कनिष्काच्या नाण्यांवर एक देवी दिसते, शेजारी ग्रीक लिपीत नाव: 'नाना'. (आपले नाना नव्हेत.) संस्कृत 'नाणक', म्हणजे आपल्या 'नाणे'चे मूळ, तिच्यावरूनच आला, असे जुने अभ्यासक सांगून गेले आणि मलाही तेच पटते. 'व्युत्पत्ती अनिश्चित' म्हणून हात झटकणाऱ्यांना काय पटते ते त्यांनी तरी सांगावे! 'न'चा 'ण' कसा झाला, हा त्यांचा हुकमी आक्षेप. पानीयचे पाणी प्यायल्यावर हा प्रश्न सुचतोच कसा? कुषाणांच्या आधीच्या पाणिनीकडे 'निष्क' आणि 'पण' ही नाण्यांची नावे आहेत, 'नाणक' नाही. नंतरच्या याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र खोटे नाणक पाडणाऱ्याला दंड आहे. मधल्या काळात हा शब्द आणला कोणी?